जपानची बी.लीग कशी उभी राहिली: शनिवार संध्याकाळचा हॉल कोणाचा?

प्रश्न विचारणारे मूळचे सांगलीचे, सध्या नोकरीनिमित्त नागोयात आहेत. तिथे त्यांनी बी.लीगचे, म्हणजे जपानच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन-तीन सामने पाहिले आणि भरलेला हॉल पाहून थक्क झाले. २०१६ मध्ये सुरू झालेली ही लीग एवढ्या लवकर एवढी मोठी कशी झाली, पैसा कोणी ओतला, आणि आपल्याकडे शहरांच्या नावाने संघ काढून दोनदा प्रयत्न झाले ते का टिकले नाहीत, असं ते विचारतात. त्यांचा स्वतःचा अंदाज असा की खेळाडूंना घसघशीत पैसे दिले आणि परदेशातली चार मोठी नावं आणली की जमेल. गावाकडच्या मित्रांबरोबर असं काही सुरू करायचा त्यांचा विचारही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी महाराष्ट्रात असताना जिल्हा आणि राज्य स्पर्धांमध्ये टेबल ऑफिशियल, म्हणजे कोर्टाकडेच्या टेबलवर गुण आणि वेळ नोंदवणारा, म्हणून बसायचो, पुढे स्पर्धांची व्यवस्था पाहू लागलो. आता बरीच वर्षं जपानमध्ये आहे आणि सामन्यांसाठी हॉल उभा करणाऱ्या कंपनीत काम करतो. कोर्ट घालणं, खुर्च्या मांडणं, रिंग आणि शॉट क्लॉक (बास्केटकडे चेंडू टाकायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ) लावणं, रविवारी रात्री सगळं उचलून नेणं, हे माझं काम. त्यामुळे माझं उत्तर प्रशिक्षकाचं नाही आणि गुंतवणूकदाराचंही नाही. हॉलच्या बाजूने पाहणाऱ्याचं आहे.

तुमचा प्रश्न पैशाचा वाटतो, पण माझ्या मते खरी गोम दुसरीकडे आहे. जपानमध्ये पैसा आधीही होता आणि खेळाडूही होते. नव्हत्या त्या दोन गोष्टी: "या अटी पाळल्या नाहीत तर तुम्ही बाहेर" असं सगळ्यांना सांगू शकेल अशी एकच संस्था, आणि वर्षाच्या आधीपासून क्लबच्या हातात असलेल्या हॉलच्या तारखा. बी.लीगने या दोन्ही मिळवल्या. बाकी बरंच त्यानंतर आलं.

थोडा इतिहास सांगावा लागेल. तुम्ही नागोयात आहात, तर तो तुमच्या आजूबाजूलाच आहे. नागोया डायमंड डॉल्फिन्स हा मूळचा मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा संघ. पलीकडे कारियाचा सीहॉर्सेस मिकावा हा आयसिनचा. फायटिंग ईगल्स नागोया टोयोटा त्सुशोचा. जपानमधलं वरच्या पातळीवरचं बास्केटबॉल अनेक दशकं असंच कंपन्यांचं होतं. खेळाडू बहुतेक कंपनीचे नोकर. सकाळी ऑफिस, दुपारनंतर सराव, आणि गॅलरीत कंपनीचेच कर्मचारी टाळ्या वाजवायला. आपल्याकडच्या रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या संघांसारखीच ही पद्धत. खेळाडूच्या घरच्यांना ती फार आधाराची वाटते, आणि त्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की कंपनीचं अंदाजपत्रक बिघडलं की संघावर पहिला घाव पडतो. इसुझूचा बलाढ्य संघ २००२ मध्ये बंद झाला. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये आपला संघ थांबवला. असा संघ कंपनीचा असतो, गावाचा नसतो, त्यामुळे तो वाचवायला गाव पुढे येत नाही.

या व्यवस्थेला कंटाळून निगाताचा अल्बिरेक्स हा संघ बाहेर पडला आणि २००५ च्या नोव्हेंबरमध्ये सहा संघांची बीजे लीग सुरू झाली. निगाता, सेंदाई, सायतामा, टोकियो, ओसाका आणि ओइता. ही खरी व्यावसायिक लीग होती, गावोगावची होती, आणि तिचा उत्साह दांडगा होता. अमेरिकेच्या एनबीए लीगमधला तारा कोबी ब्रायंट याचे वडील जो ब्रायंट यांनी टोकियो अपाचे संघाला काही वर्षं प्रशिक्षण दिलं, म्हणजे तुम्ही म्हणता तसं मोठं नावही आलं होतं. टोकियो अपाचे पुढे बंद पडला. बीजे लीगचे संघ वाढत वाढत चोविसावर गेले, पण ती जपानच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या छत्राबाहेर जन्मली होती, आणि दुसऱ्या बाजूला कंपन्यांची लीग तशीच चालू राहिली. एकाच देशात वरच्या दर्जाच्या दोन लीग, दोन वेळापत्रकं, दोन प्रकारचे प्रायोजक. सामान्य माणसाला देशाचा विजेता कोण हे सांगता येईना.

दोन्हीकडे भली माणसं होती. एकत्र यायच्या बैठका वर्षानुवर्षं झाल्या आणि दरवेळी त्याच मुद्द्यांवर अडकल्या. कंपनीचं नाव संघाच्या नावात ठेवायचं की नाही? नोकरी करणारे खेळाडू चालतील का? हॉल केवढा हवा?

ही कोंडी बाहेरून फुटली. नोव्हेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिबाने, जपानला निलंबित केलं. पुरुष, महिला, कुमार, सगळे संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद. २०२० चं ऑलिंपिक टोकियोला मिळालेलं आणि यजमान देशाचाच संघ मैदानाबाहेर, अशी वेळ दिसू लागली. महिला संघ तर तेव्हा आशियातल्या अव्वल संघांपैकी होता, रिओचं ऑलिंपिक तोंडावर होतं, आणि काही दोष नसताना त्या मुलींची संधी जाणार होती. हा दबाव मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून "जपान्यांची शिस्त" हे उत्तर मला पटत नाही. दहा वर्षं तीच शिस्तप्रिय माणसं एकमेकांशी भांडत होती.

जानेवारी २०१५ मध्ये फिबाने कार्यगट नेमला आणि त्याच्या प्रमुखपदी साबुरो कावाबुची यांना बसवलं. हे गृहस्थ फुटबॉलचे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानकडून खेळलेले, आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे पहिले अध्यक्ष. बास्केटबॉलमध्ये त्यांचे कोणाशी लागेबांधे नव्हते, हेच त्यांचं बळ. सगळ्या क्लबांसमोर त्यांनी अटी ठेवल्या. क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी. त्याला गाव हवं. आणि वरच्या विभागात खेळायचं असेल तर पाच हजार प्रेक्षकांचा हॉल हवा, ज्यात घरच्या सामन्यांपैकी ८० टक्के सामने होतील.

या शेवटच्या अटीवरून गदारोळ झाला. तेव्हा बहुतेक क्लब आज या तालुक्याच्या जिममध्ये तर उद्या त्या शहराच्या, असे फिरत खेळायचे. तरी कावाबुची हटले नाहीत. क्लबांचे अध्यक्ष आपापल्या महापौरांकडे, प्रांताच्या गव्हर्नरांकडे गेले आणि पाच हजारांचा हॉल देण्याची लेखी हमी घेऊन आले. काही महिन्यांत चित्र पालटलं. ऑगस्ट २०१५ मध्ये निलंबन उठलं, आणि त्याच उन्हाळ्यात ४५ क्लबांची तीन विभागांत वाटणी जाहीर झाली: पहिल्यात १८, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ९.

वाटणी करताना नुसते सामन्यांचे निकाल पाहिले नाहीत. हॉल, जमाखर्च, तरुण खेळाडूंची व्यवस्था हेही पाहिलं. हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइज आधी कंपन्यांच्या बाजूच्या वरच्या लीगमध्ये खेळत होता, तो नव्या रचनेत दुसऱ्या विभागात गेला. तिथल्या चाहत्यांना ते किती लागलं असेल! पण तो क्लब बसकण मारून राहिला नाही. २०२० मध्ये वर चढला आणि २०२३-२४ च्या हंगामात अंतिम फेरीत ओकिनावाच्या र्‍युक्यूला हरवून विजेता झाला. दार बंद करताना परत यायचा रस्ता उघडा ठेवला की लोक तो चालून येतात.

पहिला सामना २२ सप्टेंबर २०१६ ला टोकियोच्या योयोगी जिममध्ये झाला. एकीकडे अल्वार्क टोकियो, टोयोटाच्या संघातून आलेला. दुसरीकडे र्‍युक्यू गोल्डन किंग्ज, बीजे लीगचा लाडका, ओकिनावाचा. जुन्या दोन बाजू समोरासमोर, आणि पायाखाली लाकडाऐवजी एलईडीचं कोर्ट. अल्वार्कने ८०-७५ ने जिंकला. तो झगमगाट लोकांच्या लक्षात राहिला आणि राहायलाच हवा. पण झगमगाट एका रात्रीचा होता. खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यापासून, गावोगावच्या जिममध्ये सुरू झाली.

ते काम जवळून कसं असतं ते सांगतो, कारण तुमच्या योजनेला याचाच उपयोग आहे. गावच्या सार्वजनिक जिमचं कोर्ट म्हणजे रंगीबेरंगी रेघांचं जाळं: व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, हँडबॉल, सगळं एकावर एक. बहुतेक ठिकाणी बाहेरचे बूट घालून आत येता येत नाही, जमिनीवर बसून खाता-पिता येत नाही. शुक्रवारी रात्री नऊला बॅडमिंटनवाली मंडळी जाळी गुंडाळून निघाली की आम्ही आत शिरतो. आधी प्रेक्षकांच्या वाटेवर संरक्षक चादरी अंथरायच्या, कडा चिकटपट्टीने अशा बसवायच्या की आजीबाईंचा पाय अडकू नये. मग चाकांच्या रिंग आत आणायच्या, वजनं लावायची, उंची ३.०५ मीटर आहे ना ते दोन्ही बाजूंनी मोजायचं. शॉट क्लॉक आणि मुख्य घड्याळ एकाच बटणाला थांबतं का, ते पुन्हा पुन्हा तपासायचं. कोर्टाकडेच्या खुर्च्या एकमेकींना बांधायच्या, कारण आग लागली तर सुटी खुर्ची वाटेत पडते आणि अग्निशमनवाले ती चालवून घेत नाहीत. हे होईस्तोवर पहाट होते. शनिवारी सामना, रविवारी सामना, आणि रविवारी रात्री सगळं उलट क्रमाने. सोमवारी सकाळी तिथे शाळेची मुलं येणार असतात.

शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस त्याच हॉलमध्ये त्याच दोन संघांचा सामना, ही बी.लीगची ठरलेली पद्धत. हंगामात साठ सामने, त्यातले तीस घरचे. क्रीडादृष्ट्या कोणी म्हणेल, सलग दोनदा तोच प्रतिस्पर्धी कंटाळवाणा. मी हॉलच्या बाजूने सांगतो: एकदा कोर्ट घातलं की दोन दिवसांची तिकिटं विकता येतात, आणि पाहुण्या संघाचा प्रवास एकदाच. छोट्या क्लबचा ताळेबंद याच हिशोबावर तरतो. शिवाय शनिवारी हरलेला संघ रविवारी काय बदल करून येतो, हे पाहायला जाणकार प्रेक्षक मुद्दाम दोन्ही दिवस येतात.

आता ८० टक्क्यांच्या अटीकडे परत येऊ. तीस घरच्या सामन्यांपैकी चोवीस एकाच हॉलमध्ये, म्हणजे बाराएक शनिवार-रविवार आधीपासून राखून ठेवायचे. त्या तारखांवर गावातल्या महिला व्हॉलीबॉल मंडळांचा, कराटेच्या परीक्षांचा, जानेवारीतल्या वीस वर्षांच्या मुलांच्या सोहळ्याचा हक्क असतो, आणि हा हक्क पैशाने मोडता येत नाही. क्लबच्या माणसाला जाऊन बसावं लागतं, बोलावं लागतं, त्यांच्या मुलांसाठी मोफत शिबिरं घ्यावी लागतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत क्लबांनी हे काम केलं आणि त्यातूनच गाव आणि क्लब यांचं नातं जुळलं. प्रेक्षकाला एकदा कळलं की थंडीच्या दिवसांत शनिवारी दुपारी अमुक ठिकाणी सामना असतोच, की तो पोराला घेऊन यायला लागतो. सवय लागायला ठिकाण ठरलेलं लागतं.

चिबा जेट्सचं उदाहरण यासाठी पाहावं. २०१२ मध्ये शिंजी शिमादा नावाचे गृहस्थ त्याचे अध्यक्ष झाले तेव्हा क्लब पैशाच्या विवंचनेत होता. त्यांनी फुनाबाशी अरेनामध्ये बस्तान बसवलं, शहरातल्या छोट्या-मोठ्या दुकानदारांपर्यंत प्रायोजकत्व नेलं आणि आधी गर्दी जमवली. बी.लीग सुरू झाली तेव्हा सर्वाधिक प्रेक्षक चिबाचे. मग २०१७ पासून सलग तीन सम्राट चषक, म्हणजे देशपातळीवरच्या चषक स्पर्धेची विजेतेपदं, आली. आणि तेव्हा कुठे, २०१९ मध्ये, त्यांचा १६७ सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड (संघाचा खेळ रचणारा खेळाडू) युकी तोगाशी हा बी.लीगमधला १० कोटी येनचा पहिला जपानी खेळाडू ठरला. तुमच्या अंदाजात मोठा पगार हा आरंभ आहे. चिबामध्ये तो सात वर्षांनी आला, तिकीटविक्रीतून आला. शिमादा २०२० पासून संपूर्ण लीगचे अध्यक्ष आहेत, आणि लीगच्या पुढच्या सगळ्या धोरणात चिबाचा तो अनुभव दिसतो.

कावाबुचींच्या त्या अटी म्हणजे लीगमध्ये खेळायचा परवाना. हॉल हे त्याचं एक अंग, दुसरं जमाखर्चाचं. सलग तीन वर्षं तोटा, किंवा मालमत्तेपेक्षा देणी जास्त, असं झालं की परवाना नाही, असा मूळ नियम. कोविडच्या काळात त्यात सवलत द्यावी लागली. या नियमामुळे कोणी उत्साहाच्या भरात एका हंगामात सगळं उधळून पुढच्या वर्षी गायब होत नाही. खेळाडूला कराराचे पैसे मिळणार याची खात्री असते, आणि त्या खात्रीवरच चांगली मुलं हा पेशा निवडतात.

हॉलचं पुढचं पाऊल ओकिनावाने टाकलं. २०२१ मध्ये ओकिनावा अरेना सुरू झालं. बांधलं शहराने, चालवते क्लबच्याच गटातली कंपनी. खेळासाठी आठ हजारांच्या आसपास जागा, आणि गॅलरी इतकी उभी की वरच्या रांगेतल्या माणसालाही खेळाडूचा चेहरा दिसतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथे गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की काही उचलायचंच नाही. कोर्ट तिथेच, रिंग तिथेच, पडदा तिथेच. रात्रीची मजुरी वाचली, आणि खाणंपिणं, बॉक्समधल्या खास जागा, जाहिराती यांचं उत्पन्न क्लबकडे. त्यानंतर ओता, सागा, फुनाबाशी, कोबे, टोकियोचं ओदाइबा, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तुमच्या नागोयातलं आयजी अरेना अशी रांगच लागली.

ओकिनावा अरेनानेच २०२३ च्या विश्वचषकात जपानच्या गटाचे सामने भरवले. २०१९ च्या विश्वचषकात पाचही सामने हरलेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तीनही हरलेला हा संघ. फिनलंडविरुद्ध एका टप्प्याला १८ गुणांनी मागे होता. मग योकोहामाचा युकी कावामुरा, वय २२, चौथ्या क्वार्टरमध्ये सुटला, आणि जपान ९८-८८ ने जिंकला. पुढे व्हेनेझुएला आणि केप व्हर्दे यांनाही हरवून पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मिळालं. त्या संघात अमेरिकेत खेळणारा युता वातानाबे होता आणि नागरिकत्व घेतलेला जॉश हॉकिन्सनही, हे खरं. तरी कणा बी.लीगमध्ये आठवड्यामागून आठवडा चाळीस मिनिटांचे घट्ट सामने खेळलेल्या मुलांचा होता. हरायची भीती आणि शेवटच्या दोन मिनिटांतला निर्णय या गोष्टी सराव शिबिरात शिकवता येत नाहीत. त्यासाठी खरे सामने लागतात, भरपूर लागतात.

२०२६-२७ पासून लीग पुन्हा बदलते आहे, आणि यावर माझं मत थोडं वेगळं आहे. वरच्या विभागाचं नाव आता बी.प्रीमियर, त्यात २६ क्लब. जिंकून वर चढायचं आणि हरून खाली उतरायचं हे बंद. प्रवेशाच्या अटी म्हणजे सरासरी ४,००० प्रेक्षक, वर्षाला १२० कोटी येनची उलाढाल, आणि ठरलेल्या दर्जाचं अरेना. पगारांवर वरची मर्यादा ८० कोटी येन, खालची ५० कोटी. नवख्या खेळाडूंसाठी ड्राफ्टही आला, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. शिमादा यांचं म्हणणं असं की घसरण्याची भीती असली की क्लब सगळा पैसा या वर्षीच्या खेळाडूंवर घालतो, दहा वर्षांच्या हॉलवर घालत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे पटतं. पण हिरोशिमासारखा क्लब कोर्टवर जिंकत वर आला, ती वाट बंद होतेय याचं मला वाईट वाटतं. छोट्या गावच्या पोराला "जिंकलो तर वर जाऊ" हे सांगणं सोपं असतं. "उलाढाल वाढली तर वर जाऊ" यावर कोणी घसा फोडून ओरडत नाही.

आता आपल्याकडचं. परिस्थितीवर खूप काही अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. जपानमध्ये प्रत्येक छोट्या शहरात छप्पर असलेली जिम आहे, नोंदणीकृत खेळाडूच सहा लाखांच्या घरात आहेत, शाळा-शाळांत संघ आहेत. आपल्याकडे बहुतांश कोर्ट उघड्यावर. नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएसारख्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडले, पण जून ते सप्टेंबर पावसापुढे इलाज नसतो. महाराष्ट्रात मोठे बंद हॉल आहेत, नाहीत असं नाही. बालेवाडी आहे, नागपूरला मानकापूर आहे, वरळीचा डोम आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या डोममध्ये एनबीएचे इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज दोन सामने खेळले, त्यातला पहिला तर खास शाळकरी मुलांसाठी होता. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. मात्र त्या मुलांना पुढच्या शनिवारी त्यांच्या शहराचा संघ पाहायला जाता येईल असं काही तिथे नव्हतं.

तुम्ही म्हणता ते दोन प्रयत्न म्हणजे २०१५ ते २०१७ मधली यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) लीग, ज्यात मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज वगैरे संघ होते, आणि २०२२ मध्ये सुरू झालेली आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग). पहिली सुरू झाली त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय संघटनेतही फूट पडली होती, एका गटाची निवडणूक बंगळुरूला, दुसऱ्याची पुण्यात. जपानचीच कथा. यूबीए राष्ट्रीय संघटनेच्या छत्राबाहेर होती. आयएनबीएल संघटनेची स्वतःची होती, म्हणजे पहिली अडचण सुटली. दुसरी राहिली. पहिल्या हंगामात संघ चेन्नई, बंगळुरू, चंडीगड, दिल्ली, कोची, मुंबई अशा सहा शहरांचे, आणि सामने मात्र कोची, जयपूर, पुणे अशा फेऱ्यांमध्ये, सगळे संघ एका जागी गोळा करून. आयोजकांचा नाइलाज मी समजू शकतो, खर्च तसाच आटोक्यात राहतो. पण चंडीगडच्या माणसाने आपला संघ पाहायचा कुठे? खेळाडू चांगले होते, लढतीही चांगल्या झाल्या, आणि तिकीट काढून येणारा कायमचा प्रेक्षक तयार व्हायला जागाच नव्हती.

यावर कोणी प्रो कबड्डीचं नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. २०१४ पासून ती टीव्हीच्या जोरावर उभी राहिली, हॉलच्या नाही. कबड्डी मात्र गावागावात आधीपासून कळते. चढाई, बोनस, लोन समजावून सांगावं लागत नाही, पडद्यावर दिसली की माणूस थांबतो. बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदा पाहणाऱ्याला चोवीस सेकंद, तीन सेकंद, टीम फाउल हे कळायला शेजारी जाणकार बसलेला लागतो. हा खेळ कोर्टाच्या कडेला बसून आवडतो, निदान माझा अनुभव तसा आहे.

तुमच्या योजनेबद्दल, हे सगळं धरून. देशाची लीग तुमच्या-माझ्या हातात नाही, पण चार जिल्ह्यांची हिवाळी लीग आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर. जिल्हा संघटनांची लेखी मान्यता आधी घ्या. ती नसेल तर खेळाडूंच्या निवडीवर गदा येऊ शकते, आणि दुसऱ्याच्या मुलाचं भवितव्य आपल्या हौसेपायी धोक्यात घालू नये. मग प्रत्येक गावात एकच जागा धरा, छप्पर नसलं तरी चालेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं. दिवे चांगले लावा. महापालिका किंवा संस्थेशी तीन वर्षांच्या तारखांचा करार करा, एका वर्षाचा नको. शनिवार-रविवार तेच दोन संघ, जपानी पद्धतीने. बाहेरच्या मोठ्या नावावर पैसे घालण्याआधी टेबलवर बसणारी माणसं तयार करा. घड्याळ चुकलं की भांडण होतं, आणि भांडण झालं की आयाबाया मुलांना पुन्हा पाठवत नाहीत. तिकीट वीस रुपये ठेवा, पण ठेवा. फुकट आलेल्या गर्दीची मोजणी प्रायोजकाला दाखवता येत नाही.

खेळाडूंना काय द्यायचं? प्रवास, जेवण, विमा आणि ठरलेल्या दिवशी ठरलेलं मानधन. रक्कम छोटी असली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये. रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी असलेल्यांना त्यांच्या खात्याची परवानगी आणायला सांगा, आणि नोकरी सोडायला कोणालाही सांगू नका. जपानमध्येही कंपनीच्या नोकरीतून व्यावसायिक करारावर जाताना अनेकांना घरी बरीच चर्चा करावी लागली, आणि त्यांच्यामागे परवान्याच्या नियमांची हमी होती. आपल्याकडे ती अजून नाही.

आणि नागोयात आहात तोवर एक करा. एका शनिवारी आयजी अरेनामध्ये डॉल्फिन्सचा सामना पाहा, पुढच्या आठवड्यात कारियाला जाऊन विंग अरेनामध्ये सीहॉर्सेसचा. दुसऱ्या ठिकाणी दार उघडायच्या वेळेला पोहोचा, कोर्टाकडे न पाहता प्रवेशद्वारापाशी अर्धा तास थांबा. तिकीट तपासणारे स्वयंसेवक कोण आहेत, लहान मुलांना कुठे नेतात, स्थानिक दुकानांचे स्टॉल कसे मांडलेत, लोकांना हस्तपत्रक कोण देतं, ते टिपून घ्या. सामना संपल्यावर लगेच निघू नका, खुर्च्या उचलायला सुरुवात होते तेव्हा किती माणसं लागतात तेही मोजा. सांगलीच्या खर्चाचा पहिला अंदाज त्या आकड्यावरून काढता येईल. तो काढलात की मला कळवा, मी माझ्याकडच्या सामानाच्या यादीशी ताडून देतो.